‘३क्ष + ५’चं उत्तर किती?

परवा भाचीच्या वहीत लाल शाईची एक फुली दिसली. गणित होतं: ‘क्ष + ५ + २क्ष’ ला सोपं रूप द्या. पहिल्या ओळीत तिने ३क्ष + ५ लिहिलं होतं, ते अगदी बरोबर. पण तिथे न थांबता खाली आणखी एक ओळ होती, ‘८क्ष’. फुली त्या ओळीवर.

“अगं, वरच्याच ओळीत झालं होतं की गणित,” मी म्हटलं.

“कुठे झालं, मामा? मध्ये अधिक आहे अजून. मग उत्तर किती?”

चूक राहू दे, मला तो प्रश्न आवडला. पहिलीपासून सहावीपर्यंत अधिकचं चिन्ह म्हणजे हुकूम असतो. ७ + ५ दिसलं की १२ लिहायचे. अधिक तसंच ठेवून वही दिली तर बाई म्हणणार, गणित अर्धवट सोडलंस. ही सवय हाडीमासी खिळलेली असते, आणि सातवीत एकदम कुणीतरी सांगतं की ‘३क्ष + ५’ हेच शेवटचं, याच्या पुढे काही नाही. पोरांना ते अर्ध्यावर उठवल्यासारखं वाटतं. माझ्या पाहण्यातली बीजगणिताला घाबरणारी बरीच मुलं आकडेमोडीत कच्ची नव्हती. इथे आपण उत्तर काढत नसून एका गोष्टीचं वर्णन करतोय, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं.

अक्षरांबद्दल एक खुलासा आधीच करतो. हल्लीच्या पाठ्यपुस्तकांत एक्स आणि वाय ही रोमी अक्षरं असतात. मी इथे जुन्या मराठी पुस्तकांतले क्ष आणि य वापरतोय. क्ष तसा आपल्या ओळखीचा आहे. १८९५ मध्ये राँटगेन या जर्मन शास्त्रज्ञाला जे किरण सापडले ते नेमके कसले हे माहीत नव्हतं, म्हणून त्याने बीजगणितातलं अज्ञाताचं अक्षर त्यांना दिलं. आपण त्यांना क्ष-किरण म्हणू लागलो, कारण आपल्याकडे अज्ञाताचं अक्षर क्ष होतं.

झाकण न उघडता

दिवाळीचे दिवस आहेत असं समजा. ओट्यावर बेसनाच्या लाडवांचे सारखे भरलेले ३ डबे आहेत आणि शेजारी ताटात ४ लाडू सुटे. एका डब्यात किती लाडू बसलेत ते भरणाऱ्या आजीला ठाऊक, आपल्याला नाही, आणि पाडव्यापर्यंत झाकण उघडायची परवानगी नाही. तरी घरात एकूण किती लाडू आहेत हे सांगता येईल का?

येईल की. तीन डबे आणि वर चार. एका डब्यातल्या लाडवांच्या संख्येला क्ष म्हणायचं ठरवलं, की हेच वाक्य ‘३क्ष + ४’ असं लिहिता येतं. तेवढ्यात शेजारच्या काकूंकडून तसेच भरलेले २ डबे आले आणि ताटातला एक लाडू कुणीतरी तोंडात टाकला. आता झालं ३क्ष + ४ + २क्ष − १. डबे डब्यांत मोजा, सुटे सुट्यांत: ५क्ष + ३. झाकण अजून बंदच आहे, पण एकही लाडू हिशेबातून सुटलेला नाही.

‘५ डबे आणि ३ सुटे लाडू, म्हणजे ८ डबे’ असं कुणी म्हणालं तर आजी हसेल. ५क्ष + ३ चं ८क्ष करणं म्हणजे नेमकं तेच. भाचीला हे सांगितल्यावर तिने आपल्या ८क्षकडे जरा रागाने पाहिलं.

या उदाहरणात एक खड्डा आहे, तो आत्ताच दाखवायला हवा. क्ष म्हणजे डबा नव्हे. क्ष म्हणजे लाडूही नव्हे. क्ष म्हणजे एका डब्यातल्या लाडवांची संख्या. शिकवताना अनेकदा घाईने सांगितलं जातं की क्ष म्हणजे आंबा, य म्हणजे केळं, म्हणून ३ आंबे आणि २ केळी एकत्र होत नाहीत. बेरजेपुरतं हे चालतं. पण दुसऱ्याच आठवड्यात क्ष × य येतं, आणि आंबा गुणिले केळं म्हणजे काय, याचं उत्तर शिक्रणाशिवाय दुसरं काही सुचत नाही.

हा घोळ मोठेपणीही पाठ सोडत नाही. अमेरिकेत अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारलेला एक प्रश्न गणित शिक्षणाच्या जगात प्रसिद्ध आहे. विद्यापीठात प्राध्यापकांच्या ६ पट विद्यार्थी आहेत. विद्यार्थ्यांची संख्या ‘व’ आणि प्राध्यापकांची ‘प’ असेल तर हे समीकरणात मांडा. एक तृतीयांशाहून जास्त जणांचं उत्तर चुकलं, आणि नेहमीची चूक होती ‘६व = प’. त्यांच्या मनात व म्हणजे ‘विद्यार्थी’ होता, विद्यार्थ्यांची संख्या नव्हती. ‘सहा विद्यार्थ्यांमागे एक प्राध्यापक’ हे त्यांनी लघुलिपीत उतरवलं, इतकंच. प्राध्यापक १० असतील तर विद्यार्थी ६०. ६० ला ६ ने गुणून १० कसे येतील? बरोबर मांडणी व = ६प. म्हणून वहीत पहिली ओळ ‘क्ष = डबे’ अशी कधीच नसावी. ‘समजा, एका डब्यात क्ष लाडू आहेत’ अशी पूर्ण वाक्यात असावी. चार शब्द जास्त लिहावे लागतात, पण पुढचा मनस्ताप वाचतो.

जातीला जात

आता नावं. ५क्ष + ३ या सगळ्या मांडणीला बैजिक राशी म्हणतात. अधिक-वजाने वेगळे झालेले तिचे तुकडे म्हणजे पदं. इथे दोन पदं आहेत, ५क्ष आणि ३. ५क्ष मधला क्ष हा चल, कारण त्याची किंमत बदलू शकते, आणि ५ हा त्याचा सहगुणक. नुसता ३ हे स्थिरपद. क्ष एकटाच उभा असेल तर त्याचा सहगुणक १ असतो, लिहायचा आपण आळस करतो इतकंच. या आळसापायी ‘५क्ष − क्ष’ चं उत्तर ५ लिहिणारी मुलं वर्गावर्गात सापडतात. पाच डब्यांतून एक डबा उचलला तर चार डबे उरतात, म्हणून ४क्ष.

आणखी एक गोष्ट नवशिक्यांना छळते, पण तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. दोन गोष्टी शेजारी शेजारी लिहिल्या की त्यांच्यामध्ये काय असतं? ३५ मध्ये ३ आणि ५ शेजारी आहेत, तिथे अर्थ आहे ३ दशक अधिक ५ एकक. साडेतीन लिहिताना ३ च्या शेजारी छोटासा अर्धा काढतो, तिथेही अर्थ अधिक. आणि ३क्ष मध्ये मात्र अचानक गुणिले! मुलांनी गोंधळून जाऊ नये तर काय करावं? हे एकदा स्पष्ट सांगून टाकावं: अंक आणि अक्षर, किंवा अक्षर आणि अक्षर शेजारी आलं, की मध्ये न लिहिलेला गुणाकार असतो. गुणाकारात क्रम बदलला तरी फरक पडत नाही, त्यामुळे क्षय आणि यक्ष हे मराठीत दोन वेगळे शब्द असले तरी बीजगणितात एकच पद आहेत. ४क्षय + ३यक्ष = ७क्षय.

ज्या पदांतली अक्षरं तीच आणि तितकीच, ती सजातीय पदं. ३क्ष आणि २क्ष सजातीय. ३क्ष आणि ३य विजातीय, कारण सहगुणक सारखे असले तरी अक्षरं वेगळी. क्ष आणि क्ष × क्ष हेही विजातीयच. क्ष फूट लांबीची दोरी आणि क्ष फूट बाजूच्या चौकोनी खोलीची फरशी यांची बेरीज होत नाही, एक फुटांत आहे आणि दुसरी चौरस फुटांत.

‘सजातीय’ हा शब्द कुण्या समितीने अलीकडे घडवला असेल असं मला पूर्वी वाटायचं. कल्पना निदान साडेआठशे वर्षांची आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी, जो ग्रंथ पूर्ण केला त्याच्या बीजगणिताच्या भागात अज्ञातांना नावं दिली आहेत. पहिलं अज्ञात ‘यावत्तावत्’, म्हणजे जितकं असेल तितकं. पुढची सगळी रंग: कालक, नीलक, पीतक, लोहितक. काळा, निळा, पिवळा, तांबडा. आणि लगेच नियम दिला आहे की समान जातीच्या अज्ञातांची बेरीज-वजाबाकी करावी, भिन्न जातीची असतील तर ती वेगवेगळी ठेवावीत. भाचीच्या वहीतल्या फुलीचं कारण तिथे एका ओळीत आहे.

त्यांची लिहिण्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे. यावत्तावत् साठी ‘या’, कालकासाठी ‘का’, आणि सुट्या संख्येसाठी ‘रू’, म्हणजे रूप. आपले ५ डबे आणि ३ सुटे लाडू त्यांनी ‘या ५ रू ३’ असे लिहिले असते. मध्ये अधिकचं चिन्हच नाही! त्यामुळे ‘बेरीज करायची राहिली’ असं वाटायला जागाच उरत नाही. या च्या घरात पाच, रू च्या घरात तीन, झालं. वजा संख्या असेल तर आकड्यावर एक टिंब. अज्ञाताच्या वर्गाला ‘याव’, आणि ‘या’ व ‘याव’ यांची घरं वेगळी. मुलांना पहिले दोन दिवस या-रू पद्धतीने बेरजा करायला दिल्या तर ८क्ष ची चूक निम्मी कमी होईल असं माझं आपलं मत आहे. भाचीवर प्रयोग केला, तिला तर आवडला.

या माणसाचा आपल्या मातीशी पुरावा असलेला धागाही आहे. चाळीसगावजवळच्या पाटण इथे एक शिलालेख आहे, १२०७ सालचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची त्यात नोंद आहे. एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाड यांनी तो प्रकाशात आणला. पाटणादेवीला जाणाऱ्यांतले किती जण तो आवर्जून पाहतात, कोण जाणे.

सतराचा पाढा

डब्यांची गोष्ट बाजूला ठेवून विचारू: ३क्ष + २क्ष हे ५क्ष का? पाढा म्हणून पाहा. सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा दुणे चौतीस. एक्कावन्न आणि चौतीस पंच्याऐंशी. आणि सतरा पंचे? पंच्याऐंशी. तीनदा सतरा आणि दोनदा सतरा म्हणजे पाचदा सतरा. सतराच्या जागी तेवीस घ्या, नाहीतर एकशे एक, हे खरंच राहतं. क्ष लिहून आपण सगळ्या पाढ्यांबद्दल एका दमात बोलतो. या मागच्या गुणधर्माला वितरण म्हणतात, आणि गंमत म्हणजे कंस सोडवणं आणि सजातीय पदं मिळवणं हे एकाच गुणधर्माचे जाण्या-येण्याचे रस्ते आहेत.

३क्ष + ५ मध्ये मात्र तीनदा सतरा आणि वर एक पाच. त्या पाचात सतरा बसत नाही.

स्वतःचं सोपं रूप बरोबर आहे की नाही हे बघायला शिक्षकांची लाल शाई लागत नाही. क्ष च्या जागी एखादी संख्या घालून मूळ राशी आणि आपली राशी दोन्ही मोजायच्या. जमलं नाही तर नक्की चूक. पण संख्या निवडताना सावध असावं. क्ष = १ घेतला तर ३क्ष + ५ होतात ८, आणि ८क्ष सुद्धा होतात ८. चूक बेमालूम लपली! ० घेतलं तर अक्षराची सगळी पदं गायब होतात. २ सुद्धा लबाड आहे, कारण २ + २ आणि २ × २ सारखेच. ७ घ्यावा: ३क्ष + ५ चे २६, आणि ८क्ष चे ५६. एका संख्येवर जमलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही, पण चूक पकडायला एक धडधाकट संख्या बहुधा पुरते.

क्ष = १० घेतला तर आणखी काही दिसतं. ३क्ष + ५ होतात पस्तीस, आणि ८क्ष होतात ऐंशी. दशक आणि एकक आपण दुसरीपासून वेगळे ठेवतोच आहोत. पस्तीसला ऐंशी कुणी म्हणत नाही. म्हणजे सजातीय पदांचा नियम मुलांना आधीपासून येत असतो, फक्त क्ष नेहमी १० असायचा.

मराठीतून राशीत

शब्दांतलं गणित राशीत उतरवायचं म्हटलं की मुलं हातपाय गाळतात. इथे मला मराठीचा अभिमान वाटतो, कारण आपले विभक्तीचे प्रत्यय अर्धं काम करून देतात. ‘क्ष मधून ५ वजा’ आणि ‘५ मधून क्ष वजा’ यांत ज्याला ‘मधून’ चिकटलंय ते आधी लिहायचं: क्ष − ५ आणि ५ − क्ष. ‘क्ष ला ४ ने भागा’ यात ‘ला’ वर आणि ‘ने’ खाली: क्ष/४. ‘३ ने जास्त’ म्हणजे अधिक ३, ‘३ पट’ म्हणजे गुणिले ३. आणि वर्तमानपत्रांचं लाडकं ‘तीनपटीने जास्त’ म्हणजे ३क्ष की ४क्ष, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही, तेव्हा परीक्षेत असं वाक्य आलं तर दोष मुलांचा नाही.

कंस कुठे येतो तेही भाषाच सांगते. ही दोन वाक्यं मोठ्याने वाचा.

‘एका संख्येची दुप्पट आणि ५ यांची बेरीज.’

‘एक संख्या आणि ५ यांच्या बेरजेची दुप्पट.’

शब्द जवळपास तेच. पहिल्यात दुप्पट फक्त संख्येची, म्हणून २क्ष + ५. दुसऱ्यात आधी बेरीज बांधली गेली आणि मग त्या गाठोड्याची दुप्पट झाली, म्हणून २(क्ष + ५). ‘यांच्या बेरजेची’ हा मराठीतला कंस आहे. तो ऐकू आला की हात आपोआप कंस काढायला हवा.

आपल्या आकड्यांच्या नावांतही राशी दडलेल्या आहेत. एकोणीस म्हणजे एक ऊन वीस, २० − १. पावणेदोन म्हणजे पाव ऊन दोन. एखाद्या गोष्टीची किंमत पावणेदोनपट झाली असं आपण सहज बोलतो, ते २क्ष वजा क्ष चा पाव भाग, म्हणजेच क्ष चे सात चतुर्थांश. सव्वापट, दीडपट, अडीचपट, सगळ्यांचं असंच करून बघता येतं. पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, पाठ असलेल्या पिढीला बीजगणित वेगळं शिकवावं लागत होतं का, अशी शंका मला अधूनमधून येते.

वयाचं एक नेहमीचं उदाहरण पटकन करून टाकू. मुलीचं वय क्ष वर्षं. आईचं वय तिच्या तिपटीपेक्षा २ ने कमी. म्हणजे आई ३क्ष − २. आणखी ५ वर्षांनी दोघींच्या वयांची बेरीज? मुलगी क्ष + ५, आई ३क्ष + ३, मिळून ४क्ष + ८. इथली ठरलेली चूक म्हणजे ५ वर्षं एकीच्याच वयात मिळवणं, जणू दुसरी तोपर्यंत म्हातारी व्हायची थांबणार आहे.

कंसाची भांडणं

चार मित्र टपरीवर गेले. प्रत्येकाने एक वडापाव घेतला, क्ष रुपयांचा, आणि एक चहा, १० रुपयांचा. बिल ४(क्ष + १०), म्हणजे ४क्ष + ४०. जो ४क्ष + १० लिहितो त्याच्या हिशेबात वडापाव चौघांना मिळाला पण चहा एकालाच, बाकीचे तिघे त्याच्या कपाकडे बघत बसलेत. कंसाबाहेरचा आकडा आतल्या प्रत्येक पदापर्यंत पोहोचतो, हे यापेक्षा लांबवून सांगायची गरज नाही.

कंसाबाहेर वजा असेल तेव्हा मात्र थांबावं लागतं, कारण इथे दहावीची मुलंसुद्धा घसरतात. नियम सगळ्यांना पाठ असतो: वजा बाहेर असेल तर आतली चिन्हं बदला. का, हे विचारलं की शांतता. किराणा दुकानात चला. सामान क्ष रुपयांचं झालं, त्यावर ३ रुपये सूट, म्हणजे द्यायचे क्ष − ३. तुम्ही १०० ची नोट दिली. परत किती मिळायला हवेत? १०० − (क्ष − ३).

आता दुकानदाराचा हात पाहा. गडबडीत तो सूट विसरला आणि पूर्ण क्ष कापून १०० − क्ष रुपये तुमच्या हातावर ठेवले. तुम्ही म्हणालात, “काका, सूट?” तो “हो की” म्हणत आणखी ३ रुपये देतो. झाले १०० − क्ष + ३, म्हणजे १०३ − क्ष. आतला वजा ३ बाहेर येताना अधिक ३ का झाला? कारण जास्त कापलेलं परत करावं लागतं. चिन्ह न बदलता १०० − क्ष − ३ लिहिलंत तर सूट मागितल्याबद्दल दुकानदाराने उलट ३ रुपये दंड केला, आणि तुमचे एकूण ६ रुपये बुडाले.

चार जण, एकच रांग

सोपं रूप द्यायचंच कशाला, हा प्रश्न भाचीने विचारला नाही, पण विचारायला हवा होता. काड्यापेटीतल्या काड्यांनी एका रांगेत चौकोन मांडा, शेजारच्या दोन चौकोनांची मधली काडी सामायिक. एका चौकोनाला ४ काड्या, दोनांना ७, तिनांना १०. चौकोनांची संख्या ‘न’ मानली तर एकूण काड्या किती?

एक मुलगा म्हणतो, पहिल्याला ४ आणि पुढच्या प्रत्येकाला ३: ४ + ३(न − १). दुसरी म्हणते, डावीकडे एक उभी काडी आधीच ठेवा, मग प्रत्येक चौकोनाला ३ लागतात: १ + ३न. तिसरा आडव्या-उभ्या वेगळ्या मोजतो, वरच्या न, खालच्या न, आणि उभ्या न + १: न + न + (न + १). चौथी सगळे चौकोन सुटे मानून ४न काड्या घेते आणि मग लक्षात येतं की मधल्या न − १ काड्या दोनदा मोजल्या, म्हणून ४न − (न − १).

बरोबर कोण? चार राशी दिसायला चार तऱ्हांच्या आहेत. न = १, २, ३ घालून तपासत बसलात तर शंभराव्या चौकोनाला काय होईल याची खात्री कशी देणार? सोपं रूप द्या. पहिली: ४ + ३न − ३ = ३न + १. दुसरी तर तशीच आहे. तिसरी: ३न + १. चौथीत आपला किराणा दुकानवाला वजा आहे: ४न − न + १ = ३न + १. चौघंही बरोबर, सगळ्या न साठी, आणि १०० चौकोनांना ३०१ काड्या. कंटाळवाण्या वाटणाऱ्या त्या स्वाध्यायाचा उपयोग हा: वेगवेगळ्या वाटांनी आलेले लोक एकाच ठिकाणी पोहोचले की नाही ते त्याने ठरवता येतं.

यात थोडं गमावलंही जातं. ३न + १ कडे पाहून तिसऱ्या मुलाने काड्या कशा मोजल्या ते आता कळत नाही. म्हणून ‘पायऱ्या दाखवा’ असं शिक्षक म्हणतात तेव्हा मला ते पटतं.

भाचीला शेवटी भास्कराचार्यांच्या लीलावतीतलं भुंग्यांचं गणित दिलं. थव्यातला पाचवा भाग कदंबावर गेला, तिसरा भाग शिलींध्राच्या फुलावर, या दोन भागांतल्या फरकाची तिप्पट कुड्याच्या झाडावर, आणि उरलेला एक भुंगा केवडा आणि मालती यांच्या वासाने इकडून तिकडे घिरट्या घालतोय. भुंगे किती?

तिने आधी वाक्य लिहिलं: ‘समजा, थव्यात क्ष भुंगे आहेत.’ मग ‘फरकाची तिप्पट’ यातला कंस तिला न सांगता ऐकू आला: क्ष/५ + क्ष/३ + ३(क्ष/३ − क्ष/५) + १. छेद १५ करून ३, ५ आणि कंसातून ३ × २ = ६ आले; सगळे क्ष चे पंधरांश. सजातीय म्हणून मिळवले: १४क्ष/१५ + १. मग पेन थांबलं. अधिकचं चिन्ह तसंच होतं आणि या वेळी तिने ते तसंच राहू दिलं.

“आता झाकण उघडता येईल?” तिने विचारलं.

येईल, कारण ही राशी म्हणजेच सगळा थवा, हे गणितात सांगितलं आहे: १४क्ष/१५ + १ = क्ष. राशीला ‘बरोबर’ जोडलं गेलं, तिचं समीकरण झालं. थव्याच्या १५ भागांतले १४ फुलांवर बसले, म्हणजे हवेतला तो एकटा भुंगा हाच पंधरावा भाग. तिने बोटांवर ताळा केला: कदंबावर ३, शिलींध्रावर ५, कुड्यावर ६, आणि घिरट्या घालणारा १. पंधरा.